डिझेल पिकअपवर तोच सेन्सर कोड पुन्हा पुन्हा येत असेल तर: तपासणी कुठून सुरू करायची

डॅशबोर्डवर पिवळी लाइट लागते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात, कुठल्यातरी सेन्सरचा कोड निघतो, तो पुसला की लाइट जाते. चार-आठ दिवसांत तीच लाइट, तोच कोड. मग सेन्सर बदलला जातो, आणि तरीही कोड परत येतो. डिझेल पिकअप नव्यानं वापरायला घेतलेल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला हे येतं. यातला निम्मा त्रास आणि बहुतेक फुकटचा खर्च टळू शकतो, पण त्यासाठी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे: कोड बिघडलेल्या पार्टचं नाव सांगत नाही. इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीएमला, कुठल्या सर्किटमध्ये किंवा कुठल्या मोजमापात गडबड दिसली, एवढंच तो सांगतो. ती गडबड सेन्सरमध्ये असेल, वायरमध्ये असेल, कपलरमध्ये, म्हणजे वायर जोडणाऱ्या प्लगमध्ये असेल. किंवा सेन्सर अगदी खरं सांगत असेल आणि बिघाड इंजिनात असेल.

गाडी चालवायची की उभी करायची

ऑइल प्रेशरची किंवा इंजिन गरम झाल्याची लाल लाइट लागली तर सुरक्षित जागी थांबून इंजिन लगेच बंद करा. तिथे स्कॅनरची वाट बघू नका. चेक इंजिनची पिवळी लाइट स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर सावकाश चालवत घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. गाडी अचानक मलूल झाली, आरपीएम एका मर्यादेपलीकडे जाईना, तर ती लिंप मोडमध्ये गेली आहे. म्हणजे इंजिन वाचवण्यासाठी ईसीएमनं ताकद मुद्दाम कमी केली आहे. अशा वेळी मागे माल भरू नका, ट्रेलर ओढू नका, घाट चढायला जाऊ नका.

पुसण्याआधी लिहून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. कोड पुसला की त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. फ्रीझ फ्रेम म्हणजे बिघाड नोंदला गेला त्या क्षणाची स्थिती: आरपीएम किती होते, वेग किती, कूलंटचं तापमान किती, इंजिनावर लोड किती. गाडी गार असताना आयडलिंगला आलेला कोड आणि चढावर भरल्या मालासकट आलेला कोड, दोन्हींचा आकडा एकच असला तरी शोधायच्या जागा वेगळ्या असतात.

साधा ओबीडी स्कॅनर पुरतो. सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ असतं, १६ पिनांचं. सगळे कोड अक्षर-आकड्यांसकट लिहा. कोणता कोड पक्का नोंदलेला आहे, कोणता अजून पेंडिंग, म्हणजे पक्का व्हायचा बाकी आहे, तेही लिहा. फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. मग तुमच्याकडची माहिती जोडा: आदल्या दिवशी गाडी धुतली होती का, पाण्यातून गेली होती का, डिझेल नुकतंच भरलं होतं का, हौद्यात किती माल होता, कोणी बंपर, लाइट किंवा कॅमेरा बसवला का. ही वही दोन-तीन वेळा भरली की पुष्कळदा नमुना आपोआप दिसायला लागतो.

कोड पुसल्यावर लगेच न येता काही दिवसांनी का येतो, तेही इथे समजून घ्या. बरेचसे बिघाड ईसीएम पहिल्या फेरीत (गाडी सुरू करून, चालवून, बंद करेपर्यंत एक फेरी) फक्त पेंडिंग म्हणून ठेवतो. पुढच्या फेरीतही तीच गडबड दिसली तरच लाइट लावतो. शिवाय काही चाचण्या ठराविक परिस्थितीतच चालतात, म्हणजे इंजिन पूर्ण गरम, वेग स्थिर, टाकी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी नाही, वगैरे. त्यामुळे पुसल्यावर दोन दिवस लाइट आली नाही याचा अर्थ दुरुस्ती झाली असा होत नाही, कदाचित ती चाचणी अजून चाललेलीच नसते. उलट बाजूही आहे. बिघाड खरंच गेला असेल तर सलग तीन फेऱ्या स्वच्छ गेल्यावर लाइट सहसा आपली आपण विझते. आणि नव्या गाड्यांतला परमनंट प्रकारचा कोड स्कॅनरनं किंवा बॅटरीची वायर काढून जात नाही. ती चाचणी पास झाली तरच तो जातो.

कोड वाचायचा कसा

पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे चासी, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे मॉड्यूलांमधलं, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांमधलं संभाषण. पी०ने सुरू होणारे आणि बहुतेक पी२ने सुरू होणारे कोड सगळ्या कंपन्यांना समान असतात, पी१चे अर्थ कंपनीनुसार बदलतात. म्हणून पी१ कोडचा अर्थ शोधताना आपल्याच गाडीचं मॉडेल आणि इंजिन बघायचं.

पण आकड्यापेक्षा त्याच्या वर्णनाचे शेवटचे शब्द जास्त महत्त्वाचे. मी तर सगळ्यात आधी तेच वाचतो.

'सर्किट लो' किंवा 'सर्किट हाय' असं असेल तर प्रश्न विजेचा आहे. सिग्नलचा व्होल्टेज शक्य त्या मर्यादेच्या बाहेर गेला आहे: वायर तुटली, अर्थला (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडलेल्या चासीला किंवा वायरला) चिकटली, कपलरमध्ये पाणी गेलं किंवा सेन्सर आतून गेला. 'रेंज/परफॉर्मन्स' असेल तर वायरिंग बहुधा शाबूत आहे. आकडा येतोय, पण तो बाकीच्या सेन्सरांशी जुळत नाही. 'इंटरमिटंट' असेल तर संपर्क तुटतो-जुळतो आहे, तिथे कपलर आणि वायरिंगवरच लक्ष द्या. आणि पी०४०१ (ईजीआरचा, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या वाटेचा प्रवाह कमी), पी०२९९ (टर्बोचा दाब कमी), पी००८७ (रेलमधलं, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतलं प्रेशर कमी) असे कोड असतील तर सेन्सर बहुतेक वेळा निरोप्याचं काम चोख करतोय. ईजीआर काजळीनं भरलेला असतो, टर्बोचा होज फाटलेला असतो, डिझेल फिल्टर तुंबलेला असतो. इथे सेन्सर बदलून काही हाती लागत नाही.

एकाच वेळी तीन-चार सेन्सरांचे कोड आले तर घाबरू नका, आणि चारही सेन्सर मागवू नका. बऱ्याच सेन्सरांना ईसीएमकडून ५ व्होल्टचा सामाईक पुरवठा जातो. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की तो सगळ्यांचा पुरवठा खाली ओढतो. पी०६४१ ते पी०६४३ हे कोड याच पुरवठ्याचे. त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून कपलर काढत जा, प्रत्येक वेळी पुरवठा मोजा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तोच दोषी. एकही सापडला नाही तर वायर कुठेतरी अर्थला लागते आहे.

आधी बॅटरी, मग बाकी सगळं

अशक्त बॅटरीनं चित्रविचित्र कोड येतात, विशेषतः सकाळच्या पहिल्या स्टार्टला. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७ च्या दरम्यान आकडा यावा, काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर मुद्दाम कमी-जास्त करतात तो अपवाद. मोठ्या डिझेल पिकअपमध्ये दोन बॅटऱ्या असतात, तिथे दोन्ही वेगवेगळ्या तपासा, कारण एक मेलेली असली तरी जोडलेल्या अवस्थेत ते लपून राहतं. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर काढा. बॅटरी ते चासी आणि इंजिन ते चासी या अर्थच्या पट्ट्या हातानं ओढून बघा.

डोळे आणि हात

पिकअपचं वायरिंग कारपेक्षा जास्त मार खातं. चासीच्या पट्टीवरून गेलेल्या हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, क्लिप निघाल्यावर कड लागते आणि आवरण घासलं जातं. चिखल कपलरवर वाळून बसतो. उंदीर वायर कुरतडतात. ट्रेलरच्या किंवा जादा लाइटच्या जोडणीसाठी कोणीतरी मधेच वायर सोलून गुंडाळलेली असते, आणि तिथून पाणी आत शिरून तांबं हिरवं पडतं. चासीवर वेल्डिंग झालं असेल आणि त्या वेळी बॅटरी काढलेली नसेल, तर तोही धागा वहीत लिहून ठेवा.

इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण गार झाल्यावर कोड असलेल्या सेन्सरपासून सुरुवात करा. कपलरची कडी दाबून तो काढा, वायर धरून ओढू नका. आत बघा: पिन वाकलेली, मागे सरकलेली, हिरवट किंवा तेलकट आहे का, रबरी सील जागेवर आहे का. मग वायर हार्नेसमध्ये शिरते तिथपर्यंत बोटं फिरवत जा. वितळलेली किंवा कडक झालेली जागा डोळ्यांआधी बोटांना सापडते.

नंतर कपलर लावा, इग्निशन चालू करा, इंजिन बंदच ठेवा, स्कॅनरवर त्या सेन्सरचं लाइव्ह रीडिंग उघडा. एकानं वायर हलवायची, दुसऱ्यानं आकड्याकडे बघायचं. वायर हलवताना आकडा उडी मारत असेल तर जागा सापडली. या साध्या हलवून बघण्यानं जितके 'बिघडलेले' सेन्सर वाचतात, तितके दुसऱ्या कशानंच वाचत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

मल्टिमीटर

तीन वायरींच्या सेन्सरला एक ५ व्होल्टचा पुरवठा, एक अर्थ आणि एक सिग्नल असतो. कपलर काढून, इग्निशन चालू ठेवून पुरवठ्याच्या पिनेवर ५ च्या आसपास व्होल्ट येतात का ते बघा. मग कपलर लावून, मागच्या बाजूनं बारीक प्रोब घालून, सेन्सरची अर्थ आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थ कमजोर आहे, आणि नवा सेन्सरही तसाच खोटा आकडा देईल. वायरचं आवरण टोचून मोजू नका, त्या भोकातून पुढे पाणी शिरतं. जुना बल्बवाला टेस्टर ईसीएमच्या वायरींना लावू नका.

दोन वायरींच्या तापमान सेन्सरची तर आणखी सोपी चाचणी आहे. कूलंट किंवा इनटेक हवेच्या सेन्सरचा कपलर काढला की स्कॅनरवर बहुतेक गाड्यांत उणे ४० अंश दिसतात. कपलरच्या दोन पिना तारेनं जोडल्या की आकडा एकदम वरच्या टोकाला जातो. दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीएम ठीक, संशय सेन्सरवर. सायलेन्सरच्या एक्झॉस्ट तापमान सेन्सरला मात्र हा नियम डोळे झाकून लावू नका. तिथे बऱ्याच गाड्यांत प्लॅटिनमचा सेन्सर असतो, शून्य अंशाला २०० ओहम आणि तापमानासोबत वाढत जाणारा. त्याची वायर तुटली की ईसीएमला थंडी नव्हे, प्रचंड उष्णता दिसते.

या सेन्सरांसाठी फुकटची चाचणी म्हणजे पहाटेची. गाडी रात्रभर उभी राहिली की कूलंट, इनटेक हवा, डिझेल, एक्झॉस्ट, सगळ्यांचं तापमान जवळपास एकच झालेलं असतं. स्टार्ट न करता, फक्त इग्निशनवर सगळे आकडे एकाखाली एक बघा. बाकी सगळे २०-२२ आणि एक ६० दाखवत असेल, तर तो कोण ते कळलं.

डीपीएफच्या प्रेशर सेन्सरचा कोड: नीट उलगडून

पी२४५२ ते पी२४५५ हे कोड डिझेल पिकअपवर परत परत येणाऱ्यांपैकी आहेत, आणि सेन्सर बदलूनही न जाणाऱ्यांपैकीही. म्हणून इथे थोडं थांबू.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा फिल्टर. त्याच्या आधीचा आणि नंतरचा दाब यांतला फरक हा सेन्सर मोजतो, आणि त्यावरून फिल्टर किती भरला ते ईसीएमला कळतं. सेन्सर स्वतः गार जागी वर बसवलेला असतो. फिल्टरपासून आधी लोखंडी नळी, मग रबरी होज अशा दोन वाटांनी दाब तिथे पोचतो. काही गाड्यांत एकच होज असतो, तिथे तुलना बाहेरच्या हवेशी होते.

सगळी मेख या नळ्यांत आहे. एक्झॉस्टमध्ये काजळी असते आणि पाण्याची वाफही असते. होजला उतार सलग खाली फिल्टरकडे असेल तर पाणी निथळून जातं. पण क्लिप तुटून होज मधेच खाली लोंबला, तर त्या खोलगट भागात पाणी साचतं, काजळीसोबत त्याचा चिखल होतो, कडाक्याच्या थंडीत त्याचा बर्फही होतो. मग दाब उशिरा पोचतो किंवा पोचतच नाही, आणि ईसीएम रेंज/परफॉर्मन्सचा कोड टाकतो. नवा सेन्सर लावला तरी होज तोच.

तपासायचं असं. इंजिन बंद, इग्निशन चालू: लाइव्ह डेटात फरक शून्याच्या आसपास हवा. इथेच मोठा आकडा असेल तर दोन्ही होज सेन्सरवरून काढून बघा. आता शून्य आलं तर आत पाणी किंवा अडथळा आहे, नाही आलं तर सेन्सरचं शून्यच खरंच सरकलं आहे. मग होज जोडून इंजिन सुरू करा. आयडलिंगला काही मिलिबार, आरपीएम वाढवल्यावर आकडा गुळगुळीत चढत जायला हवा आणि सोडल्यावर लगेच उतरायला हवा. रेंगाळत असेल तर नळी तुंबली आहे. उणे आकडा येत असेल तर होज उलटसुलट लागले आहेत. सेन्सर बदलताना ही चूक सहज होते. आरपीएम वाढवूनही हलतच नसेल तर फिल्टरच्या आधीचा होज फुटला आहे का बघा. ही अवस्था धोक्याची, कारण फिल्टर भरत जातो आणि ईसीएमला तो रिकामा वाटतो.

नळी साफ करताना होज आधी सेन्सरवरून काढा, मगच फिल्टरच्या दिशेनं कॉम्प्रेसरची हवा मारा. होज लावलेला असताना हवा मारली तर सेन्सरचा आतला पडदा फुटतो. तोंडाला मास्क लावा, ती काजळी फुप्फुसात जाऊ देऊ नका. भेगाळलेला होज कापून पुन्हा लावण्यापेक्षा बदलाच, आणि बदललेला उष्णता सोसणारा हवा, साधा डिझेलचा पाइप तिथे टिकत नाही.

सेन्सर बदलावाच लागला तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवरून नवा सेन्सर शिकवावा लागतो, म्हणजे जुन्याचं शून्य पुसून नव्याचं बसवायचं. हे न केल्यामुळे नव्या सेन्सरवर तोच कोड आल्याची तक्रार बऱ्याचदा ऐकू येते.

आणि आकडा खरंच जास्त असेल तर? मग पी२४६३ सारखा कोडही सोबत येतो आणि प्रश्न काजळीचा असतो. छोट्या छोट्या फेऱ्यांमुळे रीजनरेशन, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळून टाकण्याचं काम, अर्धवट सुटतं. ते चालू असताना फिल्टरमध्ये साधारण ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि ती मिळण्यासाठी सलग चालणं लागतं. रीजनरेशन वारंवार अर्धवट सुटलं की त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिक बघा. ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आधी ऑइल बदला, फोर्स्ड रीजनरेशन (स्कॅनरवरून मुद्दाम सुरू केलेलं) नंतर. ते करताना गाडी उघड्यावर, कठीण जमिनीवर उभी करा. खाली वाळलेलं गवत असेल तर आग लागते. त्यापुढेही फिल्टर लवकर भरत असेल तर इंजेक्टर, टर्बो, ईजीआर आणि चुकीचं ऑइल या दिशेनं शोध घ्यायचा. डीपीएफच्या गाडीला कमी राख होणारं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं.

नॉक्स सेन्सर आणि हवेचा सेन्सर

नॉक्स म्हणजे धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड. ते मोजणाऱ्या सेन्सरसोबत त्याचं छोटं मॉड्यूल येतं आणि ते ईसीएमशी कॅन लाइनवर, म्हणजे मॉड्यूलांना जोडणाऱ्या दोन वायरींवर बोलतं. त्यामुळे आधी त्याचा पुरवठा, फ्यूज आणि कॅनच्या दोन वायरी बघा. पी२०ईई हा कोड मात्र सेन्सरचा नाही. एससीआरमध्ये, म्हणजे डीईएफ हे युरियाचं द्रावण फवारून नॉक्स घटवणाऱ्या यंत्रणेत, नॉक्स पुरेसा कमी होत नाही, असं तो सांगतो. डीईएफ जुनं किंवा भेसळीचं असणं, डीईएफच्या इंजेक्टरवर पांढरे खडे जमणं, एक्झॉस्टला गळती, ही कारणं तिथे आधी तपासायची. डीईएफमध्ये ३२.५ टक्के युरिया असतो, त्यात साधं पाणी मिसळून भागवू नका.

इंजिनात किती हवा जाते ते मोजणाऱ्या हवेच्या सेन्सरला त्याच्यासाठीचाच क्लीनर वापरा, ब्रेक क्लीनर नाही, आणि आतल्या तारेला बोट लावू नका. त्याआधी एअर फिल्टर आणि फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा होज बघा.

काय करू नका

रेझिस्टर लावून ईसीएमला फसवणं, डीपीएफ पोकळ करणं, ईजीआर बंद करून सॉफ्टवेअर बदलणं, असे सल्ले हमखास मिळतात. बहुतेक देशांत ते बेकायदा आहे, आणि त्यातून निघणारा धूर आपण आणि आपली मुलंच श्वासातून घेतो. कॉमन रेलचे पाइप इंजिन चालू असताना कधीही सैल करू नका. आत २००० बारपर्यंत दाब असू शकतो. त्याची बारीक धार कातडी भेदून आत जाते, आणि तशी जखम दिसायला छोटी असली तरी लगेच रुग्णालय गाठावं लागतं.

दुरुस्ती झाली की

कोड पुसा आणि वहीतली फ्रीझ फ्रेम काढा. तीच परिस्थिती पुन्हा उभी करा: तोच चढ, तेवढाच माल, तेवढंच गरम इंजिन. परत आल्यावर लाइट नसली तरी स्कॅनर लावून पेंडिंग कोड बघा आणि रेडिनेस मॉनिटर, म्हणजे ईसीएमच्या स्वतःच्या चाचण्या, पूर्ण झाले का ते बघा. मॉनिटर पूर्ण आणि पेंडिंग रिकामं, तरच काम झालं.

आपल्यानं निभत नसेल तर गॅरेजला वही द्या. "सेन्सर बदला" असं सांगून गाडी सोडू नका. "पुरवठा, अर्थ आणि सिग्नल मोजून काय आलं ते लिहून द्या, मग पार्ट ठरवू" असं सांगा. चांगला मेकॅनिक याचं वाईट वाटून घेत नाही. पार्ट बदललाच, तर जुना मागून घ्या आणि नव्याचा पार्ट नंबर वहीत लिहा. एक्झॉस्टवरच्या चार सेन्सरांचे कपलर सारखे आणि वायरींची लांबी वेगळी असू शकते, त्यामुळे कोणत्या जागेचा सेन्सर बसवला तेही त्याच ओळीत लिहून ठेवा.